मापाला बसलेला माणूस

त्या दिवशी नंदिनी घरून निघाली ती फक्त चार फोटो काढायला. काम अर्ध्या तासाचं. पिशवीत पाण्याची बाटली, दात घासायचे तीन जुने ब्रश, एक मऊ कुंचला, वही आणि फोन. एक वस्तू मात्र चुलीजवळच्या फळीवर राहून गेली होती. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची हातभर काठी. जुन्या दगडाचा फोटो काढताना शेजारी ती उभी करायची असते, म्हणजे पाहणाऱ्याला दगड केवढा ते कळतं. ती काठी पिशवीत असती, तर ही गोष्ट सांगायची वेळ कुणावर आली नसती.

पाथरबोडी हे गाव मूल या तालुक्याच्या ठिकाणापासून बावीस किलोमीटर आत. पक्की सडक धानाच्या बांध्यांपाशी संपते आणि मग मोहाच्या झाडांमधून सायकलवाट लागते. गावात ढिवरांची चाळीसेक घरं, तळ्यातल्या मासोळीवर जगणारी. तळ्याच्या पलीकडच्या टोल्यावर, म्हणजे वाडीवर, गोंडांची सात-आठ. नंदिनी ढिवराची पोर. बाप गोविंदा तळ्यात जाळं टाकायचा आणि सायकलच्या मागे टोपली बांधून गावोगाव मासोळी विकायचा. पोरगी हुशार निघाली, बडोद्याला जाऊन सहा वर्षं मूर्तिकलेचा इतिहास शिकली आणि तिकडे मिळत असलेली नोकरी सोडून याच वर्षी घरी परत आली. का आली, असं कुणी विचारलं की तिचे डोळे चमकायचे. "आपल्या पायाखाली दोन हजार वर्षं हायेत," ती म्हणायची, "आन आपल्याले कोनी सांगितलंच नाई."

तिचा सगळा जीव तळ्यातल्या त्या दगडात अडकला होता. वर्षाचे दहा महिने तो पाण्याखाली असायचा. वैशाखात तळं आटलं की वर यायचा. खुर्चीएवढं घडीव आसन, मागे पुरुषभर उंचीची शिळा. पण त्याची कोरणी कुणी पाहिलेली नव्हती, कारण दगड वर आला रे आला की टोल्यावरची म्हातारी बुधरीबाई तळ्याच्या गाळानं त्याला लेपून टाकायची. तिच्या आधी तिची सासू लेपायची. का, ते कुणी विचारत नसे.

यंदा तळ्यातला गाळ काढायला यंत्र येणार होतं, आठ दिवसांत. यंत्रवाल्याला सगळे दगड सारखेच. त्याच्या आत फोटो आणि मापांसकट अहवाल पाठवला, तर दगड वाचेल असा नंदिनीचा हिशेब. म्हणून सकाळी सातलाच बाप-लेक तळ्यावर पोचले. गोविंदानं बादलीनं पाणी ओतलं, तिनं ब्रशनं लेप सोडवला. काळा, थंड, कुबट वासाचा गाळ ओघळत गेला आणि खालून नक्षी उघडी पडत गेली. शिळेवर वर पिंपळाचं झाड, त्याखाली छत्र. दोन्ही बाजूंना चार-चार माणसं, हात जोडून, आसनाकडे तोंड करून. आसनाच्या पायथ्याशी दोन पावलं कोरलेली, बोटं पुढे.

नंदिनी गुडघ्यांवर बसली. तिला रडू येत होतं.

"आन देव कुठी हाये?" गोविंदानं विचारलं.

"नाईच. मुद्दाम नाई केला, बाबा. त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवतच नव्हते. जो सुटून गेला त्याले चेहरा कसा द्याचा? म्हनून झाड दाखवत, पावलं दाखवत, मोकळी जागा दाखवत. त्यानं घर सोडलं त्या देखाव्यात तं घोडा चालून राह्यला, कोनीतरी वरती छत्री धरली हाये, आन घोड्यावर कोनीच नाई."

"म्हंजे वरात निघाली आन नवरदेवच गायब!"

"हास तू. पवनीले असंच मोकळं आसन सापडलं, नागाच्या फण्याखाली. मंग लय वर्षांनी चेहरा आला. मथुरेकडे लाल दगडात केला, भरल्या छातीचा, गालात हासनारा. गांधाराकडे करड्या दगडात, अंगावर चुनीदार वस्त्र, कुरळे केस, अर्धे मिटलेले डोळे. आपल्या भद्रावतीच्या लेण्यात बसलेले बुद्ध हायेत ना, ते त्याच्याही नंतरचे."

गोविंदानं दगडाकडे पाहिलं. "मंग चेहरा केलाच काऊन लोकायनं? मोकळी जागा बरी होती ना."

या प्रश्नावर बडोद्याच्या ग्रंथालयात एक अख्खी भिंत भरेल इतकी पुस्तकं होती. नंदिनीनं त्यातली बरीच वाचली होती. पण बापाला सांगावं असं एकही उत्तर तिला त्या क्षणी आठवलं नाही.

"धुतलं काय वं?"

बांधावर बुधरीबाई उभी होती. डोक्यावर मोहाच्या फुलांची टोपली. खाली उतरली नाही, आसनाकडे बघितलंही नाही. नजर बाजूच्या बेशरमाच्या झुडपांवर ठेवून बोलली.

"फोटो झाले का लगेच लेपून देईन, बुधरीबाई," नंदिनी म्हणाली. "हे आपलंच हाये. लपवाचं काऊन?"

"मोकळी जागा दिसली का कोनी ना कोनी बसते," म्हातारी म्हणाली. "बसू नोका." आणि टोपली सावरत निघून गेली.

मग काठीची आठवण झाली. घर दोन किलोमीटर, ऊन चढलेलं. गोविंदा म्हणाला, "सायकलनं जाऊन आनतो ना." त्याचे गुडघे दुखतात हे नंदिनीला ठाऊक होतं.

"नोको. तूच बस. तुही उंची मले माहीत हाये, पाच फूट चार. मानूस बसला का माप आपोआप कळते."

गोविंदा घुटमळला. "बुधरीबाई नाई म्हने…"

"बाबा, तू पन?"

एवढंच म्हणाली ती. पण आवाजात असं काही होतं की सहा वर्षं दूर राहून पोरगी जे शिकली ते सगळं आपण खोटं पाडतो आहोत, असं त्या साध्या माणसाला वाटलं. त्यानं चपला काढल्या, आसनासमोर नीट जोडून ठेवल्या, पाय पुसले आणि बसला.

"थंडगार हाये वं," तो हसून म्हणाला. ऊन त्याच्या तोंडावर पडलं होतं. नाकाच्या उजव्या बाजूचा मोठा तीळ चमकत होता. लहानपणी नंदिनी तो तीळ बोटानं दाबायची आणि तो "टिंग!" म्हणायचा, दारावरच्या घंटीसारखा. सायकलच्या नळीवर बसून, मान मागे वळवून, दिवसातून पन्नास वेळा.

तिनं फोन वर केला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की तळ्यावर आवाजच नाही. एवढा वेळ टिटव्या ओरडत होत्या. बगळे होते ते चिखलात एका पायावर उभे, सगळे आसनाकडे तोंड करून.

"किती वेळ बसू? झाला काय वं फोटो?"

"बस्स बाबा, हलू नको."

चार फोटो काढले. वहीत लिहिलं : माप, बसलेला माणूस, उंची पाच फूट चार इंच. माणसाचं नाव लिहिलं नाही. अहवालात तशी पद्धत नसते. उद्या पुन्हा बारकाईनं बघायचं म्हणून तिनं दगड तसाच उघडा ठेवला.

घरी येऊन फोटो पाहिले. चारही स्वच्छ. झाड, छत्र, आठ माणसं, मोकळं आसन, आणि आसनापुढे जोडून ठेवलेल्या दोन चपला. गोविंदा कुठेच नव्हता.

तिला वाटलं, बाबा बसायच्या आधीचे असतील. मग चपला कशा? तिनं अंगणात खुर्ची टाकून बापाला बसवलं, पुन्हा फोटो काढला. फोटोत नुसती खुर्ची आली. इकडे खुर्चीवर बसून तो तर हसत होता. "म्हातारा झालो, आता फोटोतबी मावत नाई मी," म्हणाला. चपला तो तळ्यावरच विसरून आला होता. तिथे जाऊन पाहिलं तर त्या नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी रेशनच्या दुकानात नाव तपासायचं होतं. ढिवरांच्या अंगठ्यांवरच्या रेघा पाण्यानं कधीच झिजलेल्या, म्हणून आता चेहरा दाखवावा लागतो. दुकानातला अमर फोन धरून उभा. "गोविंदाकाका, मधात सरका ना. नुसती भित दिसून राह्यली."

"मी मधातच हावो ना गा."

"अजून सरका."

सरकून सरकून गोविंदा फोनला नाक लावेपर्यंत पुढे गेला. यंत्रातली बाई शांतपणे म्हणत राहिली, कृपया चेहरा समोर आणा, कृपया चेहरा समोर आणा. रांगेतले लोक हसले. नंदिनी हसली नाही.

घरी भिंतीवर आई-बापाच्या लग्नाचा फोटो होता. तिनं तो काढून उजेडात नेला. तिची आई कुंता हिरव्या लुगड्यात, खाली मान घालून उभी. शेजारी लोखंडी खुर्ची. खुर्चीच्या पाठीला हार.

"आई… हा फोटो…"

कुंता तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली, पाहिलं. "असाच तं होता," म्हणाली आणि पुन्हा निवडायला लागली.

त्या सांजेला कुंतानं दोनच ताटं वाढली. गोविंदा भिंतीशी बसून होता. त्यानं काही मागितलं नाही. नंदिनीनं आपलं ताट त्याच्यापुढे सरकवलं तेव्हा कुंता म्हणाली, "तिकडे काऊन ठेवून राह्यली वं? मांजर येते ना." आणि मग एकाएकी तिचा हात थांबला. कपाळाला आठी पडली, चुलीवर काही ठेवून विसरल्यासारखी. "घरात अजून कोनी…" ती म्हणाली.

पाचव्या दिवशी नंदिनी बांधावरून येत होती. भर दुपार. मोहाखाली सावल्या आखडून गेल्या होत्या. समोरून, सायकलवाटेनं, बापाची सायकल आली. मागे टोपली. टोपलीत ओल्या पोत्याखाली मासोळी, तिचा वास आला. गोविंदा उन्हाळ्यात एका हातानं काळी छत्री धरून सायकल चालवायचा, तशी छत्री हवेत ताठ होती, सीटच्या वर दीड हातावर. पायडल फिरत होते. सीटवर कुणी नव्हतं.

सायकल तिच्याजवळ येऊन मंदावली. छत्री थोडी तिच्या डोक्यावर कलली. तेवढी सावली तिच्यावर पडली.

"नंदे…" आवाज फार लांबून आल्यासारखा होता. "पाय लय आखडले वं…"

आणि सायकल पुढे गेली. तिनं हे दृश्य पूर्वी पाहिलेलं होतं. पुस्तकात, काळ्या-पांढऱ्या छायाचित्रात, बडोद्याच्या दिव्याखाली. त्यावर तिनं वीस पानांचा निबंध लिहिला होता आणि पहिला नंबर मिळवला होता.

ती तशीच टोल्यावर धावत गेली.

बुधरीबाई अंगणात मोहफुलं वाळवत होती. नंदिनीनं काही सांगायच्या आधीच म्हणाली, "बसला ना."

"मीच बसवलं. माप पायजे होतं."

म्हातारी फुलांवरून हात फिरवत राहिली. "माह्या सासूच्या टायमाले एक गुराखी बसला होता. ऊन लागलं म्हनून जरासा टेकला."

"मंग? कोन होता तो? कोनाचा?"

"तेच तं. कोनालेच आठवत नाई." म्हातारी म्हणाली. "तुहा बाप तिथीच बसला हाये, बाई. उठलाच नाई थो. घरी येऊन राह्यलं ते नुसतं उरलंसुरलं. तेबी दोन दिसात सरते."

नंदिनीनं तिचे पाय धरले. जी पोरगी गावात सभा घेऊन भुताखेतांवर हसायला शिकवायची, ती मातीत डोकं ठेवून रडली.

"उठ. ज्या हातानं धुतलं त्याच हातानं लेपाचं. उद्या ऊन डोक्यावर आलं का जा. गाळ घे आन लेप. हाताले लागन काय काय. गुडघा लागन, खांदा लागन. थांबाचं नाई. बोलाचं नाई. सपाट लेपाचं. जागा बुजली, का थो उठून घरी येते."

"एवढंच?"

"एवढंच. पन सपाट."

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला नंदिनी एकटी तळ्यात उतरली. घोट्यापर्यंत चिखल, वर पांढरं ऊन. बगळे फोटोच्या दिवशीसारखेच उभे होते. तिनं ओंजळभर गाळ उचलला आणि आसनाच्या कडेला थापला. दुसरी ओंजळ, तिसरी. दगड तापून पोळत होता. चौथ्या ओंजळीला हात आसनाच्या मधोमध गेला, आणि तिथे दगड नव्हता.

गुडघा होता. हाडकुळा, कढत नाही की थंड नाही, माणसाच्या अंगाएवढा ऊबदार. उजव्या गुडघ्यावर जुनी खोक होती, डोंग्याच्या, म्हणजे लहान होडीच्या, खिळ्यानं पडलेली. बोटाला ती लागली.

तिनं डोळे मिटून घेतले आणि लेपत राहिली. मांडी. मांडीवर ठेवलेला हात, जाळ्याच्या दोरीनं घट्टे पडलेला. गाळ जिथे जिथे बसत होता तिथे तिथे आकार दिसायला लागला होता. हवेत अर्धवट घडलेला माणूस. पोट. छाती. छाती हळूहळू वरखाली होत होती.

आता यावर सपाट हात फिरवायचा होता. गुडघा बुजवायचा, मांडी बुजवायची, छातीवर गाळाचे थर चढवून भिंत करायची. श्वास घेणाऱ्या छातीवर. तिनं तळहात टेकवला. आतून काळजाचे ठोके हाताला लागले आणि तिचा हात पुढे जाईना.

तेव्हा तिला बापाच्या प्रश्नाचं उत्तर कळलं. मोकळ्या जागेपुढे हात जोडून शेकडो वर्षं उभं राहिलेल्या माणसांनी शेवटी चेहरा का घडवला, ते. त्यांना राहवलं नाही. एवढंच कारण होतं. कुठल्याच पुस्तकात ते लिहिलेलं नव्हतं, आणि ते कळल्याचा तिला त्या चिखलात, त्या भीतीतही एक वेडा आनंद झाला. जर त्यांना जमलं, जर गेलेल्याला दगडातून परत रूप देता आलं, तर मला का नाही? मी तर हेच शिकून आले.

तिनं सपाट हात फिरवला नाही. तिनं घडवायला घेतलं.

खांदे घडवले. मान घडवली. हात भराभर चालत होते, बडोद्याच्या कार्यशाळेत कधी चालले नव्हते असे. डोक्याचा गोल आकार झाला. मग चेहऱ्यापाशी आली आणि थबकली.

बापाचा चेहरा तिला आठवेना.

तिनं बोटांनी चाचपायचा प्रयत्न केला. मानेच्या वर मात्र हाताला काहीच लागत नव्हतं, नुसता मऊ गाळ. नाक कसं होतं? डोळे? गेल्या आठवड्यात ऊन पडलेला तो चेहरा तिनं डोळ्यांपुढे आणला, आणि तिथे ऊन तेवढं होतं. ती घाईघाईनं आठवायला लागली, आणि जे आठवलं नाही ते हातांनी भरून काढलं. हातांना जे पाठ होतं ते. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. भुवया कमानीच्या. कानांच्या पाळ्या जरा लांब. ओठांच्या कोपऱ्यात बारीकसं हसू. शेवटी तीळ. तीळ होता, एवढं नक्की. नाकाच्या बाजूला. कुठल्या? बोट क्षणभर हवेत तरंगलं. मग तिनं गाळाची गोळी नाकाच्या डाव्या बाजूला चिकटवली आणि दाबली.

बगळे एकदम उडाले.

ती मागे वळून न बघता घरी आली. अंगणात, खाटेवर, गोविंदा बसलेला होता.

कुंता त्याच्यापुढे ताट ठेवत होती. तीन ताटं वाढलेली होती. "कुठी गेली होती वं उन्हाची?" ती नंदिनीवर खेकसली. "तुहे बाबा किती वेळचे वाट पाहून राह्यले." नंदिनी त्याच्या गळ्यात पडली आणि बराच वेळ तशीच राहिली. त्याच्या अंगाला तळ्याचा वास होता. पण ढिवराच्या अंगाला तळ्याचाच वास असतो.

त्या आठवड्यात सगळं जागेवर आलं. रेशनच्या दुकानात अमरनं फोन धरला आणि पहिल्याच वेळेला यंत्र म्हणालं, चेहरा जुळला. लग्नाच्या फोटोत खुर्चीवर नवरदेव होता, हार घातलेला, गालात हसणारा. गाळ काढायचं यंत्र यंदा येणार नाही असं समजलं. गावातले लोक म्हणू लागले, गोविंदा किती शांत झाला. पूर्वी किती बडबड करे, चेष्टा करे. आता नुसता हसतो. कुंतासुद्धा एकदा पोरीला हळूच म्हणाली, "झोपेतबी हासते वं ते. डोये पुरे मिटतच नाई."

नंदिनी बघत होती. गोविंदा आता सकाळी जाळं घेऊन निघत नसे. हात धुवायला पाणी दिलं तर राखेनं हात घासायचा. एकदा कुंतानं आग्रहानं त्याच्या हातावर गडव्यानं पाणी ओतलं, तर खाली पडलेलं पाणी गढूळ होतं, आणि बराच वेळ गढूळच पडत राहिलं.

एका दुपारी तो खाटेवर बसला होता. नंदिनी जवळ गेली. तिच्या मनात आठवण आली ती सायकलची. ती नळीवर बसलेली, मान मागे वळवून, आणि बोट सरळ वर जायचं ते त्याच्या नाकाच्या… उजव्या बाजूला. उजव्याच. तरी तिनं बोट पुढे केलं आणि डाव्या बाजूचा तो तीळ दाबला.

टिंग झालं नाही.

"काय करून राह्यली, नंदे?" त्यानं हसऱ्या तोंडानं विचारलं. तिच्या बोटावर ओल्या मातीचा ठिपका आला होता.

ज्येष्ठ सरता सरता तळं चढलं. आसन पाण्याखाली गेलं, मग शिळेवरचं छत्र, मग पिंपळाचा शेंडा. त्या दिवशी नंदिनी बांधावर गेली. अहवाल तिनं पाठवलाच नव्हता. वही मात्र बरोबर होती, उगाचच. पाणी मातकट, स्थिर. जिथे दगड होता तिथे वरच्या अंगाला दोन चपला तरंगत होत्या, जोडून ठेवल्यासारख्या. वारा होता. बाकी सगळा पाचोळा काठाकडे येत होता. चपला जागच्या हलत नव्हत्या.

पाण्याच्या काठावर ती वाकली. आणि अगदी जवळून, कानाशी बोलावं तसा आवाज आला. त्यात थकवा होता, चेष्टाही होती. तो तिनं हजार आवाजांत ओळखला असता.

"नंदे… झाला काय वं फोटो? पाय लय भरून आले…"

तेवढ्यात छत्री उघडल्याचा खटका वाजला. मागे बांधाच्या कोरड्या माथ्यावर, पाण्यापासून दहा पावलं लांब, गोविंदा उभा होता. आभाळ भरून आलं होतं म्हणून छत्री उघडलेली. अर्धे मिटलेले डोळे तळ्याकडे लागलेले.

"झाला," तो पाण्याला म्हणाला. "बसून राय."

मग त्यानं छत्रीखाली तिच्यासाठी जागा केली आणि हात पुढे धरला. आभाळातून पहिला टपोरा थेंब पडला, तो त्या हाताच्या पाठीवर. थेंब ओघळला नाही. आत गेला, आणि तिथे बोटाच्या पेराएवढा खळगा राहिला.